राखेतली ओवाळणी

माझा भाऊ भाऊबीजेला ताटात एकच नाणं टाकायचा. नोट टाकायची नाही, असं मीच त्याला बजावलं होतं. दिग्रसच्या बाजारात माझं छोटंसं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, हुक, बटणं. चार पैसे मी स्वतः कमावते. एसटीत कंडक्टरकी करून दोन लेकरं शिकवणाऱ्या धाकट्या भावाकडून पाचशेची नोट घेऊन मला काय माडी बांधायची होती? पहिल्या वर्षी तो रुसला. दुसऱ्या वर्षी त्यानं ताटात दहाचं नाणं टाकलं आणि म्हणाला, "घे व ताई. हे गावात कोनीच घेत नाही, तूच ठेव."

दहाचं नाणं आमच्याकडे चालत नाही. का चालत नाही, ते कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं खोटं आहे, कोणी म्हणतं बंद झालं. भाजीवाली घेत नाही म्हणून किराणावाला घेत नाही, आणि किराणावाला घेत नाही म्हणून मीही घेत नसे. सगळ्यांनी नाकारलेली ही नाणी खपवायला लोकांना एकच हक्काचा माणूस सापडायचा, तो म्हणजे कंडक्टर. पुसदच्या गाडीवर असला की माझ्या भावाच्या कातडी बॅगेत ती साठत जायची. एखाद्यावर वेगळं चित्र दिसलं, की तो स्वतःच्या खिशातली दहाची नोट बॅगेत टाकायचा आणि ते नाणं काढून घ्यायचा. कधी पाचाचंही असायचं. वर्षभरातलं सगळ्यात देखणं नाणं भाऊबीजेपर्यंत राखून ठेवायचा.

आणि मग नाटक. मी ओवाळून ताट पुढे धरलं की हा आधी शर्टाचा खिसा चाचपणार, मग पँटचा एक, मग दुसरा, मग पुन्हा शर्टाचा. "राह्यलं वाटते घरी," म्हणणार. माझा हात अवघडायचा, दिवा फडफडायचा, मी चिडायचे. मी चिडले की त्याला ते नाणं बरोबर सापडायचं. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी मी फसल्यासारखी चिडायचे. थोडी खरीही चिडायचे, कारण स्वभावच तसा.

ती नाणी मी राखेत ठेवायचे. हे वाचून कोणी हसेल, तर हसू दे. आमची आई दोडक्याचं, काकडीचं, वालाचं बी चुलीच्या राखेत घोळून डब्यात भरायची, वरून कडुलिंबाचा पाला घालायची. "राखीत ठेवलं का किडा लागत नाही," हे तिचं शास्त्र, आणि तिचं बी कधी वाया गेल्याचं मला आठवत नाही. जपायचं ते राखेत, हे माझ्या डोक्यात असं बसलं, की भावाचं पहिलं नाणंही मी आईच्याच त्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. ताटातून उचलायचं, कुंकवाचं बोट, तेलाचा ओघळ असेल तसं, आणि सरळ राखेत खोचायचं. दर भाऊबीजेला डबा उघडायचा, नवं नाणं खोचायचं, ताजा पाला घालायचा, झाकण लावायचं. जुनी बाहेर काढून पाहायचं कधी मनात आलं नाही. तो होता ना. नाण्यांकडे कशाला पाहायचं?

यंदा चैत्रात तो गेला. ड्यूटीवरून आला, बूट काढले, पाणी मागितलं. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. रडणं मला नंतर आलं. आधी राग आला, त्याचाच. धाकट्यानं असं आधी निघून जायचं नसतं, एवढं साधं त्याला कळू नये?

राखीपौर्णिमेला मी डबा काढला. दुकान बंद ठेवलं होतं, बाहेर पावसाची झड लागली होती, आणि मला ती नाणी हातात घ्यायची होती. डबा जमिनीवर उपडा केला. ओलसर, करड्या ढेकळांतून जे बाहेर आलं ते पाहून मी मागे सरकले. काही काळी पडली होती, काहींवर हिरवा थर चढला होता, दोन एकमेकांना चिकटली होती. डब्यात सगळ्यात वर असलेलं, त्यानं गेल्या दिवाळीत दिलेलं शेवटचं नाणं सगळ्यात वाईट होतं. मधली पांढरी चकती आणि भोवतीचं पिवळं कडं यांच्या सांध्यात हिरवी बुरशी धरल्यासारखं काहीतरी दाटलं होतं, आणि बोट लावलं की ते पिठासारखं झडत होतं. भावाच्या पश्चात त्याच्या हातचं तेवढंच माझ्यापाशी उरलेलं, आणि तेही मी नासवून बसले होते.

मग मी जे केलं त्याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. देवाची भांडी घासतो तशी चिंच घेतली आणि एक पाचाचं पिवळं नाणं खसाखसा घासलं. ते चमकलं नाही. ते गुलाबी पडलं. चित्राच्या कडा बोथट होऊन गेल्या. मी चिंच फेकून दिली आणि हात धुवून नुसती बसून राहिले.

शेजारणींना कळलं तेव्हा प्रत्येकीकडे सल्ला तयार होता. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये येतात म्हणे, मोबाइलवर दाखवतात. एकीनं त्या व्हिडिओतला नंबरच लावून दिला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. फोटो न पाहताच माझ्या नाण्यांचे त्यानं दोन लाख सांगितले आणि नोंदणीचे पाचशे आधी पाठवा म्हणाला. "फुकटाचे दोन लाख देनारा आधी पाचशे कायले मांगते रे भाऊ?" असं विचारून मी फोन ठेवला. विकायची तर होतीच कुठे मला? मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की हे हिरवं थांबतं का.

भावाची मुलगी यवतमाळला कॉलेजात आहे. तिनं मोठ्या शहरातल्या एका जुन्या दुकानाचा नंबर शोधून दिला. नाणी आणि नाणी ठेवायचं सामान विकणारं दुकान, नव्या संग्राहकांना सल्लाही देतात म्हणे. संग्राहक! मी हुकाची पाकिटं विकणारी बाई. पण दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून मी ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना शेवटच्या नाण्याचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: हे राखेत होतं, वाचेल का?

चहा संपायच्या आत उत्तर आलं. त्यात नमस्कार नव्हता, दुकानाची जाहिरात नव्हती. दोन प्रश्न होते. राख ओली होती का? आणि हे किंवा दुसरं कुठलं नाणं घासलंय का?

मी खरं ते लिहिलं. लगेच फोन आला. बाईचा आवाज होता, तरणा आणि घाईतला. "काकू, आधी एक करा. उरलेल्यांना हात लावू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, काहीही नाही. घासून चमक येत नाही, नाण्याचा वरचा थर जातो. गेलेला परत येत नाही."

मला धंद्यात तीस-एक वर्षं झाली असतील. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की त्याला काय हवं ते मी त्याच्या हातातल्या कापडावरून ओळखते. ही पोरगी माझ्यासारखीच होती. तिनं माझं दुःख विचारलं नाही, माझं कापड पाहिलं. तरी तेव्हा मला तिचं बोलणं टोचलंच.

मी म्हटलं, "मग असं करा, मला ही सगळी नवी पाठवा. अशीच, हीच चित्रं असलेली. तुमच्याकडे असतील ना?"

"आहेत," ती म्हणाली. "पण मी पाठवणार नाही."

"काहून? पैसे देऊन राह्यली ना मी!" चिडले की माझी बोली सुटते.

"पाठवीन. पण आज नको. आत्ता तुम्ही नवी घेतलीत, तर ही जुनी टाकून द्याल. आधी यांचं काय होतं ते बघू. एका महिन्यानं हवी असतील तर मागा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ धुसफुसत राहिले. पण माझ्याच काउंटरवर बायका विटलेल्या साडीचा तुकडा घेऊन येतात आणि याच रंगाचं द्या म्हणतात, तेव्हा मी काय सांगते? विटलेल्याला नवं मॅच होत नाही बाई, जवळपासचं मिळेल, पण शेजारी ठेवलं की डोळ्यांना खुपेल. किती गिऱ्हाइकं मी असं सांगून परत पाठवली आहेत. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणं ही धंद्यातली वरची इयत्ता, आणि ती या पोरीनं एवढ्या वयात गाठली होती. राग ओसरल्यावर मीच तिला मेसेज केला: सांगा, काय करू.

तिनं सांगितलं ते मी एकेक करत गेले. नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात, म्हणून गॅरेजमधून बॅटरीत टाकायचं पाणी आणलं. काचेच्या वाटीत एकेक नाणं वेगळं ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, घासायचं नाही, नुसतं राहू द्यायचं. पाणी गढूळ व्हायचं थांबलं की काढून जुन्या धुवट सुती कापडावर टिपायचं. चपलांच्या दुकानात जाऊन बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागितल्या, तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाऊ गेला आणि हिचं डोकंही गेलं. त्यानं दिल्या मात्र मूठभर.

पारदर्शक गोल डब्या तिच्या दुकानातूनच मागवल्या. नाण्याचं माप मी माझ्या टेपनं घेतलं आणि तिला इंचात कळवलं. ती हसली, पण मिलिमीटरमध्ये करून बरोबर डब्या पाठवल्या. त्यातली एक तडकलेली निघाली. फोटो पाठवला, तर वाद नाही, चौकशी नाही, दुसऱ्या टपालानं दोन आल्या. माझ्याकडे कोणी आखूड निघालेलं अस्तर परत आणलं, तर मी आधी दहा प्रश्न विचारते. तेव्हापासून थोडे कमी विचारते.

शेवटचं नाणं मात्र ऐकेना. पाण्यातून काढलं की दोन दिवस बरं दिसायचं आणि पुन्हा सांध्यात हिरवं फुटायचं. खिडकीच्या उजेडात फोटो काढून मी तिला पाठवायचे, कधी आठवड्यातून दोनदा. एकदाही तिनं दुसऱ्या दिवसावर टाकलं नाही. "काकू, हे पिठासारखं झडतंय, की कातडीसारखं धरून बसलंय?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. पिठासारखं म्हणजे आत खाणं चालू आहे. कातडीसारखं म्हणजे थांबलं, आता ते तसंच राहील, त्याला छेडू नये. दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी मी भिंगातून पाहिलं, कापसाचा बोळा हलकेच टेकवला. बोळा पांढरा राहिला. मी दुकानात एकटीच होते आणि मोठ्यानं रडले. चैत्रापासून एवढी मोकळी रडले नव्हते.

तिला कळवलं. ती म्हणाली, "थांबलं. पण काकू, खरं सांगते, जेवढं खाल्लं गेलंय तेवढं गेलंच. हे आता सुंदर दिसणार नाही. आणि किंमत विचाराल तर दहा रुपये."

"आमच्याकडे तेही मिळणार नाहीत," मी म्हटलं. ती हसली. नवी नाणी मागायची आठवण तिनं दिली नाही आणि मीही काढली नाही.

मधल्या काळात मी गल्ल्यावर दहाचं नाणं घ्यायला लागले. बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाया घराघरातून ती काढून आणायला लागल्या, "तुमच्याकडे चालते म्हनते ना?" असं दबकत विचारत. भिंग काउंटरवरच ठेवलं. सालाच्या खाली टिकली असते, चांदणी असते, चौकट असते, त्यावरून कोणत्या टांकसाळीत पाडलं ते कळतं, हे त्या पोरीनंच शिकवलं. एखादं न पाहिलेलं चित्र आलं, की मी माझ्या पर्समधली नोट गल्ल्यात टाकते आणि नाणं काढून घेते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा हात तिथेच थांबला. ही खोड कोणाची आहे, ते मला कळलं होतं.

दिवाळी आली. वहिनीच्या घरी यंदा सण नव्हता, वर्ष व्हायचं होतं. धनतेरसेला मी तिला भेटायला गेले, तेव्हा चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, यंदा तुमी चंद्राले ओवाळून घ्या."

आमच्यात जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. लहानपणी आमच्या शेजारची एकुलती एक पोर ओवाळायची, तिची मला कीव यायची. मी वहिनीवर उखडले. "मले भाऊ नाही असं कोन म्हनते?" ती चहा गाळत राहिली. तिचा नवरा गेला होता, आणि मी भाऊ कोणाचा यावर तिच्याशी भांडत होते. चहा मी तसाच गरम गिळला आणि निघाले.

घरी येऊन एक मार्ग सुचला. चंद्राला ओवाळेन, पण ताटात त्याचं शेवटचं नाणं ठेवीन. त्याच्या हातचं ताटात पडलेलं असेल, तर ओवाळणी त्याचीच. मला ते पटलं. पटलं तरी एकदा विचारून घ्यावं म्हणून दुकानाला मेसेज केला, आणि या वेळी सगळं लिहिलं. भाऊ, कंडक्टर, ताट, चैत्र. तोवर मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ऐन दिवाळीत दुकान बंद असणार, उत्तर येणार नाही, असं धरून चालले होते. संध्याकाळी फोन आला. मला वाटलं, आता ही वाईट झालं म्हणेल, आणि मला ते नको होतं.

तिनं विचारलं, "ताटात कुंकू ओलं असतं की कोरडं?"

"ओलं."

"आणि दिवा तेलाचा की तुपाचा?"

"तेलाचा."

"मग ते पुन्हा सुरू होईल, काकू. लगेच नाही, पण पावसाळ्यात होईल. सांध्यात अगदी थोडा धातू उरलाय. या खेपेला चकती सुटून येईल." मग ती हळू म्हणाली, "डबीसकट ठेवता येईल. पण ते तुम्हाला चालणार नसेल, हे कळतंय मला. जपायचं असेल तर बाहेर काढू नका. ओवाळायचं असेल तर ओवाळा. दोन्ही होणार नाही. यात मी सांगू शकत नाही, हे तुम्हीच ठरवायचं."

डबीसकट ठेवणं मला चालणार नव्हतंच. ओवाळणीला काय कोणी झाकण लावून देतं?

आई बी राखेत ठेवायची ते पुढच्या मृगात पेरायला. जपणं म्हणजे तिच्या लेखी पुन्हा मातीत घालणं होतं. माझ्या डब्यातलं काही उगवणार नव्हतं. नवं नाणं येणार नव्हतं, आणि आहे ते एकदाच खर्चता आलं असतं. मी दोन दिवस विचार केला. कपाट उघडलं, डबी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

भाऊबीजेला दिवस मावळताच ताट घेऊन मी एकटीच गच्चीवर गेले. कापसाच्या जिनिंगच्या शेडवर चंद्राची कोर होती, इतकी बारीक, की आधी दिसलीच नाही. ताटात दिवा होता, ओलं कुंकू होतं, अक्षता आणि सुपारी होती. डबी खाली कपाटातच राहिली. मी कोरीकडे तोंड करून ओवाळलं, अक्षता उधळल्या. ओवाळून झालं तसं ताट पुढे धरलं.

आणि तशीच उभी राहिले. शर्टाचा खिसा, पँटचा एक, दुसरा, मग पुन्हा शर्टाचा, एवढा वेळ. हात अवघडला. दिवा फडफडायला लागला. मी नेहमीसारखी चिडले, ओठांवर आलंही, की पुरे कर आता.

ताटात काही पडलं नाही. दिवा विझायच्या आत मी खाली आले.